एकाच नावाचं खातं

माझा मामा कवळ्या करतो. कुणी विचारलं की तो "दातांच्या कामात आहे" असं सांगतो, आणि समोरचा माणूस त्याला डॉक्टर समजून लगेच आ वासतो. मग मामाला दोन पावलं मागे सरकावं लागतं. त्याने आयुष्यात माझ्या आईशिवाय कुणाच्या तोंडात डोकावून पाहिलेलं नाही. डॉक्टरकडून हिरड्यांचा ठसा येतो, सोबत चिठ्ठी. चिठ्ठीवर दातांच्या रंगाचा नंबर, कवळी वरची की खालची, आणि कधीपर्यंत हवी ते. त्यावरून मामा प्लास्टरचा साचा ओततो, मेणात एकेक दात बसवतो, पितळी बिजागरीच्या एका छोट्या यंत्रात दोन्ही जबडे लावून शंभर वेळा उघडझाप करून बघतो आणि मगच खरी कवळी करतो. ती डब्यात जाते, डबा डॉक्टरकडे जातो. त्या दातांनी जेवणारा माणूस कसा आहे, रागीट आहे की हसरा, हे मामाला कळायचं काही कारण नसतं.

तरी बसमध्ये कुणी मोठ्याने हसलं की तो मला कोपराने ढोसतो. "खालची माझी आहे," असं हळूच म्हणतो. "वरची कुणा गाढवाने केलीय कोण जाणे."

हे आधी सांगते, कारण ती बँक बुडाली तेव्हा ज्याने त्याने आम्हाला एकच प्रश्न विचारला. न पाहिलेल्या बँकेत सगळी पुंजी ठेवलीतच कशी? केस कापणाऱ्यानेही विचारलं, कात्री हवेत धरून. मला असल्या शहाण्यांचा मनापासून तिटकारा आहे. मामाने मात्र शांतपणे उत्तर दिलं होतं. "ज्यांना मी कधी पाहिलं नाही त्यांना चाळीस वर्षं माझे दात बसतायत. कागद नीट असला की काम नीट होतं." त्याला खरंच तसं वाटायचं. त्याच्या कामात तसंच असतं.

बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. मामा "चार दिवस राहतो" म्हणून एक बॅग घेऊन आला, त्याला आता एकतीस वर्षं झाली. ती बॅग अजून त्याच्या पलंगाखाली आहे. लग्न का केलं नाहीस असं विचारलं की म्हणतो, दातांच्या कामात वेळ कुठे मिळतो.

आईने एकोणतीस वर्षं एका मोठ्या लाँड्रीत उभ्याने इस्त्री केली. हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, वेटरांची जाकिटं. ती निवृत्त झाली तेव्हा मालकाने तिला भेट म्हणून काय द्यावं? इस्त्री. मी असते तर त्याच्याच डोक्यात घातली असती. आईने ती गुपचूप घरी आणली आणि कपाटावर ठेवून दिली. मालकाने इस्त्री दिली आणि कामाने गुडघे घेतले. डॉक्टर म्हणाले, जिने टाळा.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. एका मजल्याला अठरा पायऱ्या, चार मजल्यांच्या बहात्तर. मामाने दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या कोपऱ्यात आईसाठी एक लाकडी खुर्ची ठेवली होती, कठड्याला साखळीने बांधून, कारण आमच्या इमारतीत न बांधलेल्या वस्तूला पाय फुटतात. चढताना आई तिथे पाच मिनिटं बसायची, तेवढ्यात मामा सामान वर टाकून परत यायचा. दुसरं कुणी त्या खुर्चीवर बसलेलं त्याला खपायचं नाही. स्वतःही बसायचा नाही.

मग एका हिवाळ्यात आई जिन्यात घसरली. मनगट मोडलं. त्या दिवसापासून मामाने फतवाच काढला की ताईने जिना उतरायचा नाही. तिची औषधं, भाजी, चपला दुरुस्त करणं, चष्म्याची काडी बसवणं, जे काही खाली जाऊन करायचं ते मामा करणार. दिवसातून सात-आठ फेऱ्या व्हायच्या. माझ्यावर सोपवलेलं कामसुद्धा तो माझ्या आधी उरकून यायचा. आई एकदा म्हणाली, "अरे, मी काय काचेची आहे का?" मामा म्हणाला, "काचेचीच बरी, जपायला सोपी." आम्ही तिघंही हसलो. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

आई खिडकीत बसायला लागली. खाली समोरच तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंचं घर होतं. दोन खोल्या, दारात एक बाक, आणि दारातून बाहेर पाऊल टाकलं की सरळ रस्ता. एकही पायरी नाही. बाई संध्याकाळी बाकावर बसून काजं करायच्या, येणारा-जाणारा थांबून दोन शब्द बोलायचा. आई वरून हे सगळं पाहायची. तिने कधी तक्रार केली नाही. एकदाच म्हणाली, "मला दुसरं काही नको. मनात आलं की दाराबाहेर जाता यावं, इतकंच."

मामाने ते ऐकलं आणि त्या बाईंना जाऊन भेटला. बाई म्हणाल्या, "दोन वर्षांनी मी मुलीकडे राहायला जाणार आहे भाऊ. विकणार आहेच. ताईंना हवं असेल तर दुसऱ्या कुणाला शब्द देत नाही." किंमत ठरली, विसार दिला. मामाची आयुष्यभराची शिल्लक आणि आईला लाँड्रीतून मिळालेली रक्कम एकत्र केली तर किमतीला थोडीच कमी पडत होती. नाक्यावरची बँक व्याज द्यायची ते चहापाण्यापुरतं. तिच्या भरवशावर सहा वर्षं लागली असती.

मग मामाला ती बँक सापडली. समुद्रापलीकडच्या एका छोट्या देशातली. तिला शाखा नव्हती, रांग नव्हती, दोरीने बांधलेलं पेन नव्हतं. ती फक्त पडद्यावर होती, आणि व्याज दुप्पट देत होती. मामा काही भोळा नाही. त्याने पंधरा दिवस सगळे नियम वाचून काढले, वहीत लिहून घेतले. त्या देशाच्या सरकारची हमी होती. बँक बुडाली तरी प्रत्येक ठेवीदाराला अमुक रकमेपर्यंत पैसे परत. आमची एकूण रक्कम त्या हमीच्या जवळजवळ दुप्पट होती. म्हणजे खातं दोघांच्या नावावर असतं तर दोन ठेवीदार झाले असते आणि सगळं झाकलं गेलं असतं.

खातं मी उघडून दिलं. मी कुरियरच्या ऑफिसात काउंटरवर बसते, फॉर्म भरणं हा माझ्या डाव्या हातचा मळ. रविवारी सकाळी मामा आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. आई पलीकडे खिडकीत मटार सोलत होती. पहिल्या नावाचं सगळं घरबसल्या होत होतं. दुसऱ्या नावाला एक अट होती. त्या व्यक्तीने नोटरीसमोर प्रत्यक्ष सही करायची आणि तो कागद पाठवायचा.

नोटरी बाजारात बसतो, दुसऱ्या मजल्यावर. तिथेही लिफ्ट नाही.

मामाने एकदा आईकडे पाहिलं. प्लास्टर काढून तिला तेव्हा महिनाच झाला होता. मग आवाज खाली आणून मला म्हणाला, "राहू दे. माझं एकट्याचंच टाक. आपले चार मजले, त्याचे दोन. कशाला तिला हाल."

मी म्हटलं, "मामा, हमी एका नावाला एवढीच आहे."

"माहितेय गं. दोनच वर्षांचा प्रश्न आहे. दोन वर्षांत बँका बुडत नसतात."

मी "पुढे" वर बोट दाबलं. मलाही ते पटलं होतं, हे इथे कबूल करते. आईला हाक मारायला आमच्यापैकी कुणीही मान वळवली नाही. ती आठ पावलांवर होती.

पावणेदोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मामा महिन्यातून एकदा खातं उघडून बघायचा आणि आईला सांगायचा, "ताई, तुझा दरवाजा झाला. आता खिडकी व्हायचीय." आई म्हणायची, "बाक राहू दे म्हणावं बाईंना, तो नेऊ नका." बाई बाक ठेवून जायला तयार झाल्या होत्या. मामाने पडद्यांसाठी मापंसुद्धा घेतली, कवळीच्या कामातल्या बारीक पट्टीने, त्यामुळे त्याला एक सकाळ लागली. घर घेतलं की काम बंद करायचं असंही त्याने ठरवलं होतं, कारण मेणात दात बसवताना त्याचा उजवा हात थरथरायला लागला होता.

व्यवहाराच्या नऊ दिवस आधी, शुक्रवारी सकाळी, पैसे इकडे मागवायला मामाने खातं उघडलं. पडद्यावर एक निळी चौकट आली. "देखभालीच्या कामासाठी सेवा तात्पुरती बंद आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व." मामाने मला ऑफिसात फोन केला. म्हणाला, "त्यांची दुरुस्ती चाललीय. दुपारी बघतो." दुपारीही तीच चौकट होती. शनिवारी होती. सोमवारी ती चौकट गेली आणि दुसरी आली, तिच्यात क्षमस्व नव्हतं.

पुढचं सांगायला फार काही नाही. बँक बुडाली होती. कुणी कुणाला किती कर्जं दिली होती याच्या बातम्या आल्या, त्या मी वाचल्या आणि विसरले. फोन लावला की संगीत वाजायचं. मामा स्पीकर चालू करून फोन कामाच्या टेबलावर ठेवायचा आणि शेजारी कवळीला पॉलिश करत राहायचा. तासाभराने संगीत बंद पडायचं, लाइन कटायची. तो पुन्हा लावायचा. एकदा एक बाई खरोखर बोलली. तिने सगळी चौकशी केली, नाव, खातं, जन्मतारीख. मग विचारलं, "आपण आमच्या देशाचे नागरिक आहात का?" मामा म्हणाला, "नाही." ती म्हणाली, "मग परदेशी ठेवीदारांसाठी वेगळी सूचना निघेल."

मामा कधी देशाबाहेर गेलेला नाही. शहराबाहेरसुद्धा दोन-तीनदाच. आणि घरबसल्या परदेशी झाला.

त्या देशाच्या लोकांचे पैसे दुसऱ्याच आठवड्यात दुसऱ्या एका बँकेत हलवले गेले. त्यांची कार्डं चालू राहिली, पगार जमा होत राहिले. आमच्या सरकारने सांगितलं, ही बँक आमच्याकडे नोंदलेली नाही. त्यांच्या सरकारने सांगितलं, आधी आमची माणसं, बाकीच्यांचं नंतर बघू. फोनवर एक गट निघाला, बुडालेल्या परदेशी ठेवीदारांचा. त्यात चार-पाच देशांतली माणसं होती, कुणी निवृत्त मास्तर, कुणी जहाजावरचा आचारी. पहिला महिना तिथे शिव्याशाप चालायचे. नंतर लोक एकमेकांना नुसतंच सुप्रभात म्हणायला लागले.

मला राग यायला हवा होता. माझा राग तसा नाकावर असतो. काउंटरवर एखाद्याने सुट्ट्या पैशांवरून कटकट केली तरी मी त्याला पाच मिनिटं ऐकवते. पण इथे काही आलंच नाही. डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला वाटेनासा होतो, तसं झालं होतं. मी कामावर जात होते, पावत्या फाडत होते, येऊन जेवत होते. मामाही तसाच. तो रोज सकाळी चहाआधी ती क्षमस्व नसलेली चौकट उघडून बघायचा, दोन मिनिटं बसायचा, मग लॅपटॉप मिटून कामाला जायचा.

आईला त्याने काहीच सांगितलं नव्हतं. "दुरुस्ती चाललीय," एवढंच. ती विचारायची, "झाली का रे दुरुस्ती?" तो म्हणायचा, "होतेय." व्यवहाराची तारीख गेली. बाई आणखी तीन आठवडे थांबल्या. अशी माणसं कमी असतात. शेवटी एका दुपारी मी घरी असताना त्या स्वतः बहात्तर पायऱ्या चढून आल्या, हातात विसाराचं पाकीट घेऊन. मामा कामावर होता.

"ताई, मला माफ करा," त्या दारातूनच म्हणाल्या. "मुलगी रोज फोन करतेय. मोबाईल दुरुस्तीवाला रोख देतोय. तुमची बँक बुडाली, तुम्ही तरी काय करणार."

आई माझ्याकडे पाहू लागली. माझी दातखीळ बसली. आईने पाकीट घेतलं, बाईंना पाणी दिलं, गुडघ्यांना कुठलं तेल चांगलं यावर दोघी जरा वेळ बोलल्या. बाई गेल्यावर ती म्हणाली, "बरं." आणि पुन्हा खिडकीत जाऊन बसली. संध्याकाळी मामा आला तेव्हा ते पाकीट टेबलावर होतं. त्याने ते पाहिलं आणि हातपाय धुवायला गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

तळमजल्यावर मोबाईलचं दुकान आलं. बाक गेला, तिथे काचेचं शोकेस आलं. आई तरीही त्याच खिडकीत बसायची. फक्त खुर्ची थोडी फिरवून घेतली तिने, त्यामुळे तिला रस्त्याचं दुसरं टोक दिसायचं.

चौदा महिन्यांनी हमीची रक्कम आली. एका नावाची. गटात लोकांनी टाळ्यांची चित्रं टाकली, कारण बहुतेकांचे सगळेच पैसे हमीच्या आत होते. आमचे अर्धे परत आले. तेवढ्या पैशांत आमच्या भागात तळमजल्यावर एक खोलीही येत नव्हती, भाव तोवर कुठच्या कुठे गेले होते. मामाने काम बंद केलं नाही. थरथरणारा हात तो टेबलाच्या कडेवर दाबून धरायचा आणि दात बसवायचा. एका डॉक्टरने दोन कवळ्या परत पाठवल्या. असं आधी कधी झालं नव्हतं. त्याने त्या पुन्हा केल्या आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

उरलेल्या पैशांसाठी अवसायक नेमला होता. अवसायक म्हणजे बँक मेल्यावर तिचं किडूकमिडूक विकून जे येईल ते वाटणारा माणूस. हे मला तेव्हा कळलं, आणि न कळतं तर बरं झालं असतं. त्याच्याकडून एक अर्ज आला. खात्यातले काही पैसे मुळात दुसऱ्या व्यक्तीचे असतील तर त्या व्यक्तीने तसं लिहून द्यावं, तिलाही वेगळा ठेवीदार धरायचं की नाही याचा विचार करू. सही नोटरीसमोर हवी.

या अर्जाचं उत्तर नऊ महिन्यांनी आलं. नाही. खातं ज्या दिवशी उघडलं त्या दिवशी दुसरं नाव नव्हतं, म्हणून दुसरा ठेवीदार नाही. ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी उगाच आशा लावून बसायला नको. आम्ही बसलो होतो.

अर्ज आला तेव्हा मला तो आईला वाचून दाखवावा लागला, कारण सही तिची हवी होती. मामा समोर बसला होता. मी वाचत गेले, ती ऐकत गेली. मग तिने विचारलं, "माझं नाव का नव्हतं त्यात?"

मीच सांगितलं. नोटरीकडे जावं लागलं असतं, तुला तेव्हा बरं नव्हतं, जिने होते. सांगताना मला ते सगळं फार शहाणपणाचं वाटत होतं, आणि तोंडातून बाहेर पडल्यावर वाटेनासं झालं.

आईने चष्मा काढून पुसला. "कधी जायचं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "आई, जायला नको. मी विचारलंय. जास्तीची फी दिली तर नोटरी घरी येतो." नोटरी घरी येतो का, हे खातं उघडताना विचारावं असं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"नको. मी जाईन."

"ताई, अगं..." मामाने तोंड उघडलं.

"गुरुवारी जाऊ," आई म्हणाली.

गुरुवारी सकाळी दहा वाजता ती जिना उतरली. पावणेचार वर्षांनी. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने माझा खांदा, आणि मामा तिच्या दोन पायऱ्या पुढे, उलटा, तोंड तिच्याकडे करून. "अरे, तूच पडशील," ती म्हणाली, पण तो वळला नाही. खाली आल्यावर ती मोबाईलच्या दुकानासमोर थोडी थांबली, शोकेसमधली फोनची कव्हरं बघितली आणि चालू लागली. बाजारापर्यंत रिक्षा घ्यायला तिने नकार दिला. तीनदा थांबली, पण चालत गेली. वाटेत एक ओळखीची फुलवाली "अगं बाई, मला वाटलं तू गेलीस" म्हणाली. आई म्हणाली, "गेले नव्हते. वर होते."

नोटरीचा जिना आमच्यापेक्षा अरुंद होता. ती तोही चढली. नोटरीने तिच्यासमोर कागद सरकवला, तिने सही केली, त्याने शिक्का मारला. सगळं मिळून चार मिनिटं लागली. मामा काखेत कागदांची पिशवी धरून भिंतीला टेकून घड्याळाकडे बघत होता.

परत येताना आमच्या जिन्यापाशी आई घामाघूम झाली होती, चेहरा लाल झाला होता. पहिल्या मजल्यावर ती थांबली नाही. दुसऱ्या मजल्यावर मामा पुढे झाला, खिशातला रुमाल काढून त्याने खुर्चीवरची धूळ पुसली. खूप धूळ होती.

"बस ताई."

आई बसली नाही. कठडा धरून उभी राहिली, धाप ओसरेपर्यंत. मग म्हणाली, "एका नावाला हमी कमी आहे, हे तुला तेव्हाच माहीत होतं?"

"हो," मामा म्हणाला.

"मी तिथेच होते ना रे. खिडकीत. मटार सोलत होते."

मामा रुमालाची घडी करायला लागला. ती त्याला जमेना.

"विचारलं असतंस तर उतरले असते," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. लाँड्रीत किती चादरी झाल्या हे सांगावं तसं तिने ते सांगितलं. "बहात्तरच तर पायऱ्या आहेत."

मामा खाली बसला, त्या खुर्चीवर. इतक्या वर्षांत त्याला तिथे बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. साखळी वाजली. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

आईने त्याच्या मांडीवरची कागदांची पिशवी उचलून घेतली आणि कठडा धरून वर चढायला लागली. छत्तीस पायऱ्या राहिल्या होत्या. मध्ये ती दोनदा थांबली, पण हाक मारली नाही. मी तिच्या मागे जावं की मामापाशी थांबावं हे मला कळेना, म्हणून मी तिथेच उभी राहिले.